नाशिकला दोन दिवस, आपल्या माणसांच्या वह्या शोधायला: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मागच्या हिवाळ्यात आम्ही घरातली सात जणं एका शनिवार-रविवारी नाशिकला जाऊन आलो. मी, नवरा, दोन्ही मुलं, सासू-सासरे आणि सासऱ्यांची मोठी बहीण, म्हणजे आमच्या आत्या, वय ८४. घराण्याची नोंद तीर्थपुरोहितांच्या वहीत आहे का ते बघायचं होतं आणि ती सापडली. तेव्हापासून नातेवाईक, बिल्डिंगमधले, ऑफिसातले सगळे मला तेच प्रश्न विचारतात, म्हणून एकदाच नीट लिहून ठेवतेय.

वही म्हणजे नक्की काय असतं?

पूर्वी माणूस गोदावरीवर स्नानाला, श्राद्धाला किंवा अस्थी घेऊन आला की तो आपल्या गावाच्या ठरलेल्या उपाध्यांकडे उतरायचा. ते त्याची नोंद करून ठेवायचे, कुठल्या गावचा, कोणाचा मुलगा, कोणाचा नातू, भाऊ किती, मुलं किती, बरोबर कोण आलंय आणि कशासाठी आलंय. खाली आलेल्याची सही. पुढच्या पिढीतला कोणी आला की जुनं पान काढायचं, त्याला आजोबांची सही दाखवायची आणि त्याखाली नवीन नोंद घालायची. असं करत करत पिढ्यांची साखळी तयार झाली. कुणी याला वही म्हणतं, कुणी नामावळी, कुणी बाड.

हरिद्वार, गया, काशी इथेही हेच चालतं. पण मराठी घरांना नाशिक-त्र्यंबक हाताशी, आणि रामकुंडात अस्थिविसर्जनासाठी पिढ्यान् पिढ्या लोक येत राहिलेत, त्यामुळे कुठल्यातरी पिढीतलं कोणीतरी इथे आलेलं असण्याची शक्यता चांगली असते.

आमचे पुरोहित कोण हे आम्हाला माहीतच नाही, मग?

बहुतेकांना माहीत नसतं. आम्हालाही नव्हतं. वह्यांची वाटणी साधारण गावांवरून झालेली असते, म्हणजे अमुक तालुक्यातली, अमुक समाजाची घरं अमुक घराण्याकडे. म्हणून आडनावाच्या आधी मूळ गाव विचारतात. रामकुंडाजवळ पुरोहित संघाकडे चौकशी करायची, गाव-तालुका-आडनाव सांगायचं, तुमची वही कोणाकडे असेल ते सांगतात. आम्हाला दुसऱ्या घरी बरोबर पत्ता लागला. पहिल्या गुरुजींनी त्यांची अनुक्रमणिका चाळली, आमचं गाव त्यात नाही म्हणाले आणि पुढचं नाव स्वतःहून सांगितलं.

एक काळजी घ्या. घाटावर पाय ठेवला की "कुठून आलात, कोणतं गाव" असं विचारत माणसं मागे लागतात. त्यांना नको म्हणून थेट चौकशीच्या ठिकाणी जा. आणि जे कोणी "तुमची वही माझ्याकडेच आहे" म्हणतील त्यांना आधी वही दाखवा म्हणायचं, विधीचं बोलणं त्यानंतर. आम्हाला एकाने वही न उघडताच मोठ्या पूजेची रक्कम सांगायला सुरुवात केली, आम्ही नमस्कार करून निघालो.

जाण्याआधी घरी काय तयारी करायची?

खरं काम इथेच आहे. नाशिकला जाऊन शोधणं तासा-दोन तासांचं, पण घरातून रिकाम्या हाताने गेलात तर तिथे काहीच हाती लागत नाही.

घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाजवळ बसा. फोनवर रेकॉर्डिंग चालू करून फोन बाजूला ठेवा आणि "आपली वंशावळ सांगा" असं विचारू नका, त्याने माणूस गोंधळतो, चार नावं सांगून थांबतो. त्यापेक्षा "तुमच्या आजीला काय म्हणायचे", "सुट्टीत कोणाकडे जायचात", "वाड्यात तुमच्या शेजारच्या खोलीत कोण राहायचं", "कोणाच्या लग्नाला बैलगाडीने गेला होतात" असे प्रश्न टाका, नावं आपोआप येतात. आत्यांनी आम्हाला पहिल्या दिवशी फक्त वडील आणि आजोबांचं नाव सांगितलं होतं. तिसऱ्या दिवशी भाजी निवडताना सहज म्हणाल्या, आजोबा मानमोडीत गेले, तेव्हा माझे वडील आठ वर्षांचे होते. मानमोडी म्हणजे १९१८ ची इन्फ्लुएंझाची साथ, खेड्यापाड्यात तिला हेच नाव होतं. एका वाक्याने आम्हाला वर्षच मिळालं! नाशिकला गुरुजींना आम्ही "१९१८ च्या शेवटी कोणी अस्थी घेऊन आलं असेल का बघा" एवढं सांगू शकलो आणि त्यांनी थेट तेच बाड काढलं.

मग घरातले कागद. जुना शाळा सोडल्याचा दाखला, जमिनीचे उतारे, लग्नपत्रिका, देवघरातल्या पोथीच्या मागच्या पानावर लिहिलेल्या जन्मवेळा, तांब्या-पितळेच्या भांड्यांवर घातलेली नावं. भांड्यांकडे कोणी बघत नाही पण आमच्याकडे एका घंगाळावर पणजोबांचं नाव आणि गाव दोन्ही कोरलेलं निघालं.

या सगळ्याचा एकच कागद करा, मोठ्या अक्षरात, वरून खाली पिढ्या. गोत्र माहीत असेल तर ते, कुलदैवत, मूळ गाव. आडनाव बदललं असेल तर जुनं आडनाव. हे फार होतं, कारण कित्येक घरात कोणी गावावरून "कर" लावलं, कोणी कामावरून कुलकर्णी-पाटील लावलं, भावाभावांची आडनावं वेगळी झाली.

गावाचा जिल्हा कोणता सांगायचा? आता सगळी नावं बदललीत.

दोन्ही सांगा, आजचा आणि जुना. आमचं गाव पारोळ्याजवळचं, आज जिल्हा जळगाव, पण १९०६ च्या आधी सगळा मिळून एकच खानदेश जिल्हा होता आणि त्यानंतर पूर्व खानदेश. वहीत तेच लिहिलेलं असणार. रायगडवाल्यांनी कुलाबा सांगावं. सिंधुदुर्ग १९८१ ला रत्नागिरीतून निघाला, जालना त्याच वर्षी औरंगाबादेतून, लातूर १९८२ ला उस्मानाबादेतून, नंदुरबार १९९८ ला धुळ्यातून, पालघर तर अगदी अलीकडे २०१४ ला ठाण्यातून. तालुकेही फुटलेत. शंका असेल तर जवळच्या मोठ्या बाजाराच्या गावाचं नाव सांगा, ते बदलत नाही.

दोन दिवसात जमतं का खरंच?

जमतं, फक्त एकाच वेळी सगळी देवळं, वायनरी, धरण असं कोंबू नका. आम्ही मुंबईहून शनिवारी सकाळी निघालो, कसारा घाट चढून अकराच्या सुमारास पोचलो. पंचवटीच्या बाजूलाच उतरलो कारण आत्यांना चालवत नाही आणि नाशिकरोड स्टेशन तिथून नऊ-दहा किलोमीटर लांब पडतं, ट्रेनने येणाऱ्यांनी हे लक्षात ठेवा. सकाळी पुरोहित विधींमध्ये असतात, त्यांना वही काढायला सवड नसते, तेव्हा दुपारी तीननंतर गेलेलं बरं, आणि शक्य असेल तर आदल्या दिवशी फोन करून. आमचं काम साडेतीनला सुरू झालं ते सहाला संपलं. संध्याकाळी गोदावरीची आरती, घाटावर नुसतं बसणं. रविवारी सकाळी पांडवलेणी, मग जुन्या नाशकात फेरफटका, जेवण आणि परत.

त्र्यंबकेश्वर नाशिकपासून साधारण ३० किलोमीटर. तिथल्या पुरोहितांच्या वह्या वेगळ्या असतात, तेव्हा नाशिकला काही मिळालं नाही तर रविवार त्र्यंबकसाठी मोकळा ठेवा, सकाळी लवकर निघा. दोन्हीकडे सापडेल अशी आशा धरून दोन्ही एकाच दिवशी उरकायला जाऊ नका.

वही उघडल्यावर काय दिसतं?

आम्ही जिन्याने वर गेलो, एक मोठी खोली, भिंतीला लाकडी कपाट, त्यात लाल कापडात बांधलेली बाडं. गुरुजींनी एक काढून गाठ सोडली. कागद चहाच्या रंगाचा झालेला, कडा ठिसूळ, आणि शाई काही ठिकाणी अजून काळीभोर तर काही ठिकाणी तपकिरी. पानं त्यांनी स्वतःच उलटली, आम्हाला हात लावू दिला नाही आणि ते योग्यच आहे. बोट हवेतच धरून ते ओळ वाचत गेले. गावाचं नाव आलं, आडनाव आलं, मग थांबले आणि म्हणाले, "इथे एक बाई आली आहे."

शके १८४०, मार्गशीर्ष. नवऱ्याच्या अस्थी घेऊन आलेली, बरोबर मुलगा वय वर्षे ८, आणि गावचा एक माणूस सोबतीला. घरातलं कर्तं पुरुषमाणूस त्या साथीत कोणी राहिलंच नव्हतं, म्हणून नोंद तिच्या नावाने झाली. सासऱ्यांच्या लहानपणी घरात तिला सगळे नुसतं माई म्हणायचे. तिचं खरं नाव काय होतं हे आमच्या घरात कोणालाही, आत्यांनासुद्धा, माहीत नव्हतं. ते आम्ही त्या दिवशी पहिल्यांदा ऐकलं. आत्यांनी ते तीनदा म्हणून घेतलं.

तिला लिहिता येत नव्हतं. जुन्या कागदांवर अशा वेळी निशाणी करायची पद्धत होती, शेतकरी असेल तर नांगर, बाई असेल तर बांगडी. तिच्या नावाशेजारी "निशाणी बांगडी" असं लिहून एक छोटं वर्तुळ काढलेलं आहे. सुरुवात केली तिथे रेघ परत येऊन नीट मिळालेली नाही, थोडी फट राहिली आहे. नवऱ्याच्या अस्थी आणि आठ वर्षांचं पोर घेऊन आलेल्या बाईच्या हातची ती रेघ आहे. त्या खोलीत पाच मिनिटं कोणीच बोललं नाही, माझी सहा वर्षांची मुलगीसुद्धा.

त्याच्याच वर, आधीच्या पानावर, तिच्या सासऱ्यांची सही होती, मोडीत, शेवटी "दस्तुरखुद्द", म्हणजे स्वतःच्या हाताने.

शके, संवत्सर हे कसं समजायचं?

शकात ७८ मिळवले की इसवी सन येतं, आणि तिथी जानेवारी ते फाल्गुन अखेर या काळात पडत असेल तर ७९. म्हणजे शके १८४० मार्गशीर्ष हा डिसेंबर १९१८ झाला. बरोबर संवत्सराचं नाव असतं, ती ६० नावं फिरत राहतात, आमच्या नोंदीत "कालयुक्त" होतं. आकडा पुसट झाला असेल तर हे नाव फार उपयोगी पडतं, कारण तेच नाव पुन्हा ६० वर्षांनीच येणार, आणि १८५८ की १९१८ एवढं तर घरच्या माहितीवरून ठरवता येतंच. जमिनीच्या कागदांवर कधी फसली सन असतो, म्हणजे महसुलासाठी वापरायचं जुनं साल, त्यात साधारण ५९० मिळवायचे.

सगळं मोडीत असेल तर आपल्याला काय कळणार?

वाचणारे गुरुजी असतात, पण तरुण पिढीतल्या सगळ्यांनाच मोडी येते असं नाही. मोडीत आधी ओळभर शिरोरेघ ओढून घेतात आणि मग हात न उचलता अक्षरं लटकवत जातात, ऱ्हस्व-दीर्घाचा भेद नाही, त्यामुळे नावाच्या बाबतीत घोटाळा होऊ शकतो. घरून नेलेला नावांचा कागद इथे कामाला येतो, कारण अंदाज असेल तर अक्षर लागतं.

आपल्यालाही शिकता येते. पुण्याचं भारत इतिहास संशोधक मंडळ, जे १९१० ला इतिहासाचार्य राजवाड्यांनी स्थापन केलं, तिथे मोडीचे वर्ग होतात, राज्याच्या पुराभिलेख खात्याचेही असतात. मोठ्या मुलाने यूट्यूबवरून मुळाक्षरं गिरवायला घेतलीत, खापरपणजोबांची सही त्याला आता वाचता येते.

बायकांची नावं वहीत असतात का?

फार कमी. वंशावळ बापाकडून मुलाकडे जाते, लेकी लग्न होऊन गेल्या की त्यांची ओळ तिथेच संपते, सुना कधी लिहिल्या जातात कधी नाही. आमच्या माईची नोंद मिळाली ती घरात पुरुष उरला नाही म्हणून, एरवी ती कुठेच नसती. मला हे फार लागलं. म्हणून मी प्रत्येकाला सांगते की नाशिकला नुसतं बघायला जाऊ नका, लिहून घ्यायला जा, आणि घरातल्या प्रत्येक बाईचं नाव, माहेरचं नाव, माहेरचं गाव आणि सगळ्या लेकी, लग्न झालेल्या सुद्धा, लिहून घ्या. आम्ही सांगितलं तेव्हा गुरुजींनी एका शब्दाने हरकत घेतली नाही. म्हणाले, लोक सांगतच नाहीत हो.

माहेरची बाजू शोधायची तर ती वेगळ्या गावाच्या वहीत मिळेल, कदाचित वेगळ्या पुरोहितांकडे. आपल्या आजीच्या माहेरचं गाव तरी आज विचारून ठेवा.

पैसे किती द्यायचे?

ठरलेला दर नाही. वही बघण्याची वेगळी फी कोणी आमच्याकडे मागितली नाही, आम्ही आपणहून दक्षिणा दिली आणि छोटा तर्पणाचा विधी केला त्याचे आधी विचारून दिले. आधी विचारायला लाजू नका. पण एवढं ध्यानात ठेवा की ही बाडं त्या घराण्यांनी पूर, वाळवी, वाटण्या सगळ्यातून स्वतःच्या खर्चाने सांभाळली आहेत. घासाघीस करण्याची ती जागा नव्हे.

फोटो काढू देतात का?

विचारून. काही देतात, काही फक्त तुमच्या नोंदीपुरतं पान काढू देतात, बाकीच्या घरांची नावं झाकून. ते बरोबरच आहे कारण त्याच पानावर दुसऱ्यांचं घर असतं. फ्लॅश बंद ठेवा. फोटो मिळाला नाही तर वाचलेलं तिथल्या तिथे जसंच्या तसं उतरवून घ्या, शक, तिथी, बाडाचा क्रमांक सगळं, आणि परत एकदा वाचून ताडून बघा.

मुलं कंटाळतील ना?

मोठा ११ वर्षांचा, तो कंटाळला नाही, सहा वर्षांची अर्ध्या तासाने कंटाळली, तिला आजोबांनी घाटावर कबुतरांना दाणे टाकायला नेलं आणि नाव सापडल्यावर परत बोलावलं.

पण मुलांसाठी खरी जागा म्हणजे पांडवलेणी. गावापासून आठेक किलोमीटर, मुंबई हायवेवर त्रिरश्मी डोंगरात, दोनेकशे पायऱ्या, एकूण २४ लेणी. तीन नंबरच्या लेण्यात गौतमी बलश्रीचा शिलालेख आहे, ब्राह्मी लिपीत, प्राकृत भाषेत, साधारण १९०० वर्षांपूर्वीचा. ती सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीची आई. मुलगा गेल्यानंतर, नातू वासिष्ठीपुत्र पुळुमावीच्या राज्याच्या १९ व्या वर्षी तिने ते लेणं भिक्षूंना दान दिलं आणि भिंतीवर मुलाचं वर्णन कोरून घेतलं, आणि स्वतःला महाराजमाता, महाराजपितामही म्हणवलं, म्हणजे राजाची आई आणि राजाची आजी. मुलाच्या नावात आईचं गोत्र, नातवाच्या नावात त्याच्या आईचं. आदल्या दिवशी माईची बांगडी बघितलेली होती, त्यामुळे मुलाला मी "ही पण एका आजीने करून घेतलेली नोंद आहे" एवढंच म्हटलं. तो बराच वेळ त्या भिंतीसमोर उभा राहून अक्षरं मोजत होता.

वयस्कर माणसांना न्यावं का?

न्याच. कष्ट होतात पण त्यांच्याशिवाय अर्थ नाही. वही वाचताना मधेच एखादं नाव येतं आणि तेच ओळखतात, "हा तर आमचा चुलत काका, याचं एक बोट तुटलेलं होतं". व्हीलचेअर घाटापर्यंत जाते, पायऱ्या उतरताना दोघांनी धरायचं. वह्या बहुतेक जुन्या घरांच्या माडीवर असतात, तेव्हा फोनवरच सांगून ठेवा की वयस्कर बाई आहेत, बाड खाली आणता येईल का. आमच्यासाठी आणायला ते तयार होते पण आत्याच ऐकेनात, एकेक पायरी करत वर गेल्या. पांडवलेणीला मात्र त्यांना चढवू नका, खाली गाडीत बसू दे.

आमच्या लोकांना त्या घाटावर, देवळात येऊच दिलं नव्हतं. आम्ही काय शोधायचं?

हा प्रश्न ऑफिसातल्या मैत्रिणीने विचारला आणि तो टाळण्यासारखा नाही. बऱ्याच घरांच्या नोंदी या वह्यांत मिळणार नाहीत, त्याचं कारण ते घाटावर आले नाहीत हे नसून त्यांना अडवलं गेलं हे आहे. रामकुंडापासून चालत जाता येईल एवढ्या अंतरावर काळाराम मंदिर आहे, तिथेच २ मार्च १९३० ला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी सत्याग्रह सुरू केला, दादासाहेब गायकवाड त्याचे पुढारी, आणि तो पुढची काही वर्षं चालला. गावोगावची माणसं त्यात आली होती. मैत्रिणीच्या पणजोबांनी त्यात भाग घेतल्याचं तिच्या घरात सांगतात, म्हणजे नाशिक हे त्यांचंही मूळ शोधण्याचं गाव आहे, फक्त वाट वेगळी.

कागदांची वाट सांगते. तहसील कार्यालयाच्या रेकॉर्ड रूममधे गाव नमुना १४, म्हणजे जुनी जन्म-मृत्यूची नोंद, जिला कोतवाल बुकही म्हणतात. गावच्या शाळेचं जनरल रजिस्टर. वतनाच्या जमिनीचे कागद. कोणी पलटणीत, रेल्वेत, गिरणीत असेल तर नोकरीचे कागद. इथे गाव, वर्ष आणि बापाचं नाव एवढं हातात असेल तर बरंच मिळतं, आणि हे सगळ्याच समाजांना लागू आहे, वही मिळालेल्यांनीही हे करावं कारण दोन वेगळ्या ठिकाणी तेच नाव आलं की खात्री पटते.

आम्ही ख्रिश्चन आहोत, आमच्यासाठी काही?

चर्चची बाप्तिस्मा, लग्न आणि दफनाची रजिस्टरं बघा. नाशिकमधलं शरणपूर हे १९ व्या शतकातलं मिशनचं गाव. गुलामगिरीतून सोडवलेल्या आफ्रिकी मुलांना तिथे ठेवून शिकवत. आफ्रिकेत फिरलेला ब्रिटिश मिशनरी-प्रवासी डेव्हिड लिव्हिंग्स्टन, त्याचं शव आफ्रिकेच्या आतून किनाऱ्यापर्यंत नेणाऱ्यांमधे जेकब वेनराइट होता, तो इथेच शिकलेला. आपलं मूळ नाशकात आहे असं म्हणणारी माणसं केनियातल्या मोंबासाच्या किनाऱ्यावरही असतील हे मला तेव्हाच कळलं.

वहीची नोंद जातीच्या दाखल्याला चालेल का?

तिच्यावर विसंबून राहू नका. त्यासाठी महसुली आणि शाळेचे जुने कागदच लागतात, ओबीसीसाठी १३ ऑक्टोबर १९६७ च्या आधीचे, अनुसूचित जातींसाठी १० ऑगस्ट १९५० च्या आधीचे. वही तुम्हाला गाव आणि पिढी दाखवेल, त्यावरून कागद शोधणं सोपं जाईल, तेवढा तिचा उपयोग.

कधी जाऊ नये?

पितृपक्षात नको, त्या पंधरवड्यात कोणाला मान वर करायला वेळ नसतो. श्रावणी सोमवारच्या आसपास त्र्यंबक नको. आणि सिंहस्थ येतोय, २०२६ च्या ऑक्टोबर अखेरीला ध्वजारोहण आणि २०२७ च्या ऑगस्ट-सप्टेंबरमधे मुख्य स्नानं, तेव्हा घाटावर शांतपणे वही वाचणं अशक्य. पावसाळ्यात गोदावरीला पूर आला की रामकुंडाचा परिसर पाण्याखाली जातो, बातम्या बघून निघा. नोव्हेंबर ते फेब्रुवारी उत्तम.

काहीच सापडलं नाही तर?

आमच्या मामेसासऱ्यांचं तसंच झालं. दोन घरं फिरले, त्र्यंबकही केलं, गाव मिळालं पण घर नाही. बाड वाळवीने गेलेलं असू शकतं, वाटण्यांमधे दुसऱ्या भावाकडे गेलेलं असू शकतं, किंवा तुमचे आजोबा पैठणला, पंढरपूरला, काशीला गेले असतील. आपल्या गावच्याच दुसऱ्या आडनावाची नोंद मिळाली तर तीही वाचून घ्या, शेजारी-भाऊबंद एकत्रच यायचे. मामांनी त्या दिवशी आपल्या घराची पहिली नोंद लिहून घेतली, चार पिढ्या, जेवढ्या माहीत होत्या तेवढ्या.

आपली नोंद लिहून घेताना काय सांगायचं?

घरूनच कागदावर लिहून न्या नाहीतर ऐन वेळी कोणीतरी राहतं, आमच्याकडे धाकट्या नणंदेच्या मुलाचं नाव राहत होतं, व्हॉट्सअ‍ॅपवर विचारून घातलं. मूळ गाव, आता राहता ते शहर, आजोबांपासून खाली सगळी नावं, सुनांची माहेरची नावं, लेकी आणि त्यांची सासरं, परदेशात असलेले, दत्तक असलेले, लग्न न केलेले, लहानपणी गेलेली मुलंसुद्धा. टोपणनावही सांगा, कारण माईसारखं पुढे तेच तेवढं उरतं. आलेल्या प्रत्येकाने सही करायची, लहान मुलांनीसुद्धा.

आमच्याकडे सगळ्यांच्या सह्या झाल्या, धाकटीने चार अक्षरांचं नाव जीभ बाहेर काढून लिहिलं, शेवटी पेन आत्यांकडे दिलं. त्या सातवी शिकलेल्या, अक्षर सुंदर आहे. त्यांनी पूर्ण नाव लिहिलं, माहेरचं आणि सासरचं दोन्ही, मग गुरुजींना विचारलं, अजून थोडी जागा आहे का, आणि सहीच्या शेजारी एक छोटी बांगडी काढली.